सोलानाचं पाणी थांबवू नका: मॉन्टेनेग्रोच्या पर्यावरण मंत्रालयाला खुलं पत्र

मॉन्टेनेग्रोचे पर्यावरण मंत्री, मंत्रालयातले अधिकारी, आणि ब्रुसेल्समध्ये या देशाची फाईल बघणारे युरोपियन कमिशनचे अधिकारी, सगळ्यांना नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय कारण सोलानाबद्दल, म्हणजे तुमच्या उल्त्सिन शहराजवळच्या मिठागराबद्दल, मला जे बोलायचंय ते दुसऱ्या कुठल्या भाषेत नीट येत नाही. हॉटेलात माझ्याबरोबर काम करणारे दोघे जण, एक माँटेनेग्रिन बोलणारा आणि एक अल्बेनियन बोलणारा, याची भाषांतरं करून देणार आहेत आणि ती रीतसर पोस्टाने तुमच्याकडे येतील. इथे सगळ्यांसमोर टाकतोय ते आपल्या मराठी लोकांनी पण वाचावं म्हणून, कारण गोष्ट उल्त्सिनची असली तरी उरण, पनवेल, भाईंदरकडच्या माणसाला ती ओळखीची वाटेल.

मी मूळचा उरण तालुक्यातला, आगरी. आमच्या घरात आजोबांपर्यंत मिठागर होतं, मग जमिनी प्रकल्पात गेल्या, बाबा नोकरीला लागले आणि मी हॉटेल लाईनमध्ये शिरून जहाजांवर काम करत करत सात वर्षांपूर्वी तुमच्या उल्त्सिनला एका हॉटेलच्या किचनमध्ये येऊन टेकलो. टॅक्स इथे भरतो, मत देता येत नाही. पहिल्याच वर्षी सुट्टीच्या दिवशी सायकल घेऊन शहराबाहेर गेलो आणि समोर बघतो तर लांबच लांब बांध, बांधाच्या दोन्ही बाजूला पाण्याचे चौकोन, उघाडीच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराच्या फळ्या, आणि तोच वास, खाऱ्या चिखलाचा, जो मी लहानपणी आजोबांच्या धोतराला येताना घेतलाय. मी बांधावरच बसलो, उठायलाच होईना. तुम्ही याला सोलाना म्हणता. साधारण १५०० हेक्टर. आमची सगळ्या गावाची मिळून मिठागरं एवढी नव्हती.

आता मुद्द्यावर येतो.

तुम्हाला युरोपियन युनियनमध्ये जायचंय. २०१० च्या डिसेंबरमध्ये उमेदवार देश झालात, २०१२ च्या जूनमध्ये बोलणी सुरू झाली, २०२६ संपायच्या आत सगळे चॅप्टर, म्हणजे बोलण्यांचे विषयवार भाग, बंद करायचे आणि २०२८ ला मेंबर व्हायचं असं तुम्ही स्वतः जाहीर केलंय. चांगली गोष्ट आहे, माझे इथले सगळे मित्र त्याची वाट बघतायत. त्यात चॅप्टर २७ म्हणजे पर्यावरण आणि हवामान, तो डिसेंबर २०१८ मध्ये उघडला. सगळ्यात जड चॅप्टर तोच, कारण त्यात युरोपचे २०० च्या वर मोठे कायदे येतात, पाणी, हवा, कचरा, केमिकल, पक्षी, प्राणी, सगळं, आणि तुमच्याच २०१६ च्या राष्ट्रीय धोरणात त्याचा खर्च जवळपास १.४ अब्ज युरो धरलाय. सव्वासहा लाख वस्तीच्या देशाला हा आकडा किती मोठा आहे ते मला कळतं, म्हणून कुणी उगाच टाळाटाळ करतंय असं मी म्हणत नाही.

पण गेली काही वर्षं मी जे बघतोय ते असं की कायदा जुळवायचा म्हणजे संसदेत तो पास करायचा, गॅझेटमध्ये छापायचा, ब्रुसेल्सला पाठवायचा आणि पुढच्या कायद्याकडे वळायचं असं चाललंय. आणि सोलाना ही अशी जागा आहे की जिथे हे चालतच नाही. का चालत नाही ते मी मिठागरवाला म्हणून सांगतो, कारण मीटिंगमध्ये बसणाऱ्या सगळ्यांना हे माहीत असेलच असं नाही.

मिठागर हे जंगल नाही की कुंपण घातलं, पाटी लावली आणि सोडून दिलं की आपोआप वाढेल. मिठागर माणसाने केलेलं असतं आणि रोज करावं लागतं. समुद्राचं पाणी पहिल्या मोठ्या चौकात घ्यायचं, ते उन्हात तापून थोडं दाट झालं की पुढच्या चौकात सोडायचं, तिथून पुढच्या, असं करत शेवटच्या चौकात मीठ धरतं. म्हणजे प्रत्येक चौकातला खारटपणा वेगळा असतो, आणि म्हणूनच प्रत्येक चौकात जगणारे जीव वेगळे आणि त्यांना खायला येणारे पक्षी वेगळे. अगदी खाऱ्या पाण्यात ती बारीक लालसर कोळंबी होते जी खाऊन फ्लेमिंगो गुलाबी होतो, कमी खाऱ्या पाण्यात मासे असतात तिथे मोठे डाल्मेशियन पेलिकन येतात. आफ्रिकेतून उत्तरेला जाणारे पक्षी एड्रियाटिक ओलांडून थकून इथे उतरतात, अडीचशेच्या आसपास जातींची नोंद झालीय इथे. हे सगळं बांधावर उभं आहे. एका बांधाला खांड पडली की दोन चौकांचं पाणी एक होतं, चार खांडी पडल्या की सगळं एकच डबकं, मग त्यात पावसाचं गोडं पाणी भरलं की बोरू वाढतो आणि नाही भरलं तर नुसती भेगाळलेली माती उरते. आजोबा म्हणायचे, "पानी थांबला का आगर मेला."

आणि इथे एक फरक आहे जो आमच्या कोकणातल्या माणसाला चटकन लक्षात येईल. आमच्याकडे उधाणाला समुद्र चार-पाच मीटर चढतो, उघाडी उघडली की पाणी आपल्या पायाने आगरात येतं. तुमच्या समुद्राला भरती अशी नाहीच, हातभर पाणी वर-खाली होतं तेवढंच. म्हणून उल्त्सिनला पाणी पंपानेच आत घ्यावं लागतं आणि हिवाळ्यात तुमचा धो धो पाऊस पडला की जादा पाणी पंपानेच बाहेर काढावं लागतं. म्हणजे पंप हीच इथली भरती-ओहोटी. पंप चालवायला वीज लागते, विजेचं बिल कुणीतरी भरावं लागतं, आणि फळी वर-खाली करायला माणूस लागतो जो पहाटे उठून येईल.

१९३० च्या दशकापासून हे काम कामगार करत होते. मग २००५ मध्ये कंपनी खाजगी हातात गेली, पुढे दिवाळं निघालं, २०१३ ला मिठाचं उत्पादन बंद पडलं. त्या दिवसापासून पाणी कुणाचं काम आहे हे नक्की कुणालाच माहीत नाही असं झालंय. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच. जून २०१९ मध्ये सोलानाला नेचर पार्क जाहीर केलं, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, त्यासाठी इथल्या आणि बाहेरच्या पक्षीवाल्या संस्थांनी वर्षानुवर्षं भांडण केलं त्यांचे मनापासून आभार. पण जाहीर झाल्यानंतर बांधावर काय बदललं? गेल्या एप्रिलमध्ये मी जे बघितलं ते सांगतो. उघाडीची लाकडी फळी खालून कुजून अर्धी गेलेली, ती उचलायचं लोखंडी चाक गंजून जाम, हात लावला तर तळव्याला लाल भुकटी. त्याच्यापासून थोडं पुढे बांधाला खांड, दोन्ही हात पसरले तर जेमतेम पुरतील एवढी रुंद, आणि तिच्या कडेची माती रोज थोडी थोडी सुटतेय, मी उभा असतानाच एक ढेकूळ पाण्यात गेलं. शेजारच्या कोरड्या चौकात पायाखाली मिठाची पापडी मोडत होती आणि त्या पापडीवर पक्ष्याच्या पायाचा एकही ठसा नव्हता. अशी खांड आमच्याकडे पडली असती तर गावातल्या बायका-पुरुषांनी ओळ धरून, टोपल्या टोपल्यांनी चिखल टाकून त्याच दिवशी बुजवली असती, कारण उद्या तीच दुप्पट होते हे सगळ्यांना माहीत असायचं.

मी फोटो काढले आणि एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण तिथला माणूस चांगला बोलला, त्याचा वैयक्तिक काही दोष नाही. त्याने सांगितलं हे आमच्याकडे नाही, दुसऱ्या ऑफिसला जा. दुसऱ्या ऑफिसने सांगितलं जमिनीचा निकाल लागल्याशिवाय आम्ही खर्च करू शकत नाही. तिसऱ्या वेळी गेलो तेव्हा खांड मोठी झाली होती.

म्हणजे दुसरी तक्रार मालकीची. जमीन सरकारची का दिवाळं निघालेल्या कंपनीची हा वाद इतकी वर्षं चाललाय. वाद कोर्टात चालू दे, ज्याचा असेल त्याचा हक्क ठरू दे, पण वादाच्या काळात पाणी सांभाळायला कुठल्या कोर्टाने मनाई केलीय? युरोपचे पक्षी आणि त्यांच्या जागा वाचवायचे दोन कायदे, बर्ड्स डायरेक्टिव्ह १९७९ चं, हॅबिटॅट्स डायरेक्टिव्ह १९९२ चं, दोन्हीत हे कुठेच लिहिलेलं नाही की सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघून पक्ष्यांचं संरक्षण करा. जागा महत्त्वाची असेल तर ती बिघडू द्यायची नाही, ही जबाबदारी देशाची. तुम्ही तोच कायदा तुमच्या भाषेत आणताय ना, मग मालक कोण ते ठरेपर्यंत थांबायचं कारण सांगता येणार नाही.

तिसरी गोष्ट पोर्ट मिलेनाची. सोलानाला लागून जो कालवा समुद्राला जातो, ज्याच्या दोन्ही काठांवर त्या सुंदर कालिमेरा आहेत, म्हणजे लाकडी खोपटी आणि पुढे लांब काठ्यांना टांगलेलं मोठं जाळं, पाण्यात सोडायचं आणि वर ओढायचं. आमच्या खाडीतल्या कोळ्याला ते बघून घरी आल्यासारखं वाटेल. त्या कालव्यात उल्त्सिनचं सांडपाणी जातं. जुलै-ऑगस्टमध्ये शहर पर्यटकांनी भरतं, मी ज्या हॉटेलात काम करतो तसली सगळी हॉटेलं भरतात, आणि त्याच महिन्यात कालव्याचा वास पुलावर उभं राहू देत नाही. मी किचनमध्ये भांडी धुतो ते पाणी कुठे जातं हा प्रश्न मला पडतो, कारण माझा पण त्यात हात आहे. युरोपचा शहरी सांडपाण्याचा कायदा १९९१ चा आहे, २०२४ मध्ये तो आणखी कडक झाला. आता बोलण्यांमध्ये अशा खर्चिक कायद्यांसाठी मुदतवाढ मागता येते, आधी आत गेलेल्या बऱ्याच देशांनी मागितली, तुम्ही पण मागाल. मागा, पण पोर्ट मिलेनाला त्या यादीच्या शेवटी टाकू नका, कारण हा कालवा रामसर जागेच्या अंगाला लागून वाहतो आणि इथे दहा वर्षं थांबायला सांगणं म्हणजे पक्ष्यांनाच थांबायला सांगणं.

चौथी तक्रार लिहिताना मला जरा जपून लिहावं लागतंय कारण माझं पोट पर्यटनावर आहे. मार्च २०२५ मध्ये तुमच्या सरकारने संयुक्त अरब अमिरातीबरोबर पर्यटन आणि रिअल इस्टेटचा करार केला, एप्रिलमध्ये संसदेने मंजूर केला, आणि त्यात असं आहे की या कराराखालच्या प्रकल्पांना सार्वजनिक खरेदीचे आणि टेंडरचे नेहमीचे नियम लागू नाहीत. तेव्हापासून उल्त्सिनच्या वेलिका प्लाझाचं, त्या बारा-तेरा किलोमीटरच्या वाळूच्या किनाऱ्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. इथले लोक रस्त्यावर आले, ब्रुसेल्सने पण काळजी बोलून दाखवली. माझं म्हणणं हॉटेल नको असं नाही. माझं म्हणणं एवढंच की एका हाताने तुम्ही युरोपचे नियम घरात आणताय आणि दुसऱ्या हाताने एका करारापुरते ते बाजूला ठेवताय, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. किनारा, त्यामागचे वाळूचे डोंगर, ओलसर कुरणं, सोलाना आणि बोयाना नदीचं मुख हे सगळं एक आहे, पाणी खालून एकमेकांत जातं. वेलिका प्लाझावर काय बांधायचं ते ठरवायच्या आधी त्याचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अहवाल, आणि लोकांची उघड सुनावणी, दोन्ही झालं पाहिजे, आणि सुनावणी उल्त्सिनमध्येच झाली पाहिजे, अल्बेनियनमध्ये पण कागद मिळाले पाहिजेत कारण इथे बहुतेक लोकांची भाषा तीच आहे.

मी हे का एवढं ताणून धरतोय ते सांगतो. आमच्याकडे १९९१ मध्ये किनारा वाचवायचा कायदा आला, सीआरझेड. कागदावर तेव्हा तो चांगला कडक होता. मग २०११ ला नवा आला, २०१९ ला आणखी नवा, आणि दाट वस्तीच्या गावांमध्ये जिथे भरतीच्या रेषेपासून २०० मीटर बांधकाम नाही असं होतं तिथे ५० मीटर झालं. प्रत्येक वेळी कारण विकासाचंच होतं. ठाण्याची खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली, २०२२ ला रामसर झाली, आम्हाला केवढा आनंद. आणि २०२४ मध्ये नवी मुंबईत नेरुळच्या तलावापाशी फ्लेमिंगो मेलेले सापडले, भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्यामुळे तलाव सुकला असं तिथले कार्यकर्ते ओरडून सांगत होते. माझ्या भावाने मला त्याचा फोटो पाठवला, मी तेव्हा इथे सोलानाच्या बांधावरच होतो. दोन्हीकडे पक्षी तोच, मिठागर तेच, पाणी थांबलं ते पण तसंच. फरक एवढाच की आमच्या सरकारला बाहेरून कुणी येऊन वही तपासत नाही, तुमची वही आत्ता तपासली जातेय. ही संधी तुम्हाला २०२८ नंतर परत मिळणार नाही, एकदा आत गेलात की असा रोजचा तपास संपतो आणि मग वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेऱ्या उरतात.

आणखी दोन गोष्टी, थोडक्यात, कारण त्यांच्याबद्दल माझ्यापेक्षा तिथले लोक जास्त सांगतील. प्लेव्ल्याच्या कोळशाच्या वीज प्रकल्पाला एनर्जी कम्युनिटीच्या, म्हणजे युरोप आणि शेजारी देशांच्या ऊर्जा संघटनेच्या नियमाने २०१८ पासून २०,००० तास चालायची मुभा होती, ती २०२० च्या अखेरीलाच संपली आणि प्रकल्प पुढे चालूच राहिला, २०२१ मध्ये त्यावर केस झाली. आता दुरुस्तीचं काम केलंय हे मान्य, पण मधल्या हिवाळ्यांमध्ये त्या खोऱ्यातल्या लोकांनी जी हवा घेतली ती परत घेता येत नाही. आणि तारा नदी, जिचं खोरं युनेस्कोच्या यादीत १९७० च्या दशकापासून आहे, तिच्या पात्रात हायवेच्या कामात दगडमाती टाकली गेली, पात्र फिरवलं गेलं. तो ४१ किलोमीटरचा रस्ता २०२२ ला सुरू झाला, मी पण त्यावरून गेलोय, चांगला आहे. नदी पहिल्यासारखी कधी करणार ते कुणी सांगितलं नाही.

आता ब्रुसेल्सवाल्यांना थेट. तुम्ही २०१८ मध्ये चॅप्टर २७ उघडताना ज्या अटी घातल्या त्यात उल्त्सिनच्या सोलानाचं नाव घेऊन लिहिलं. एका मिठागराचं नाव एवढ्या मोठ्या कागदात आलं याचा मला फार अभिमान वाटला होता, मी घरी फोन करून सांगितलं होतं. म्हणून विनंती आहे की चॅप्टर बंद करताना फक्त कायद्यांचा तक्ता बघू नका. मे महिन्यात एक माणूस बांधावर पाठवा. कुठल्या चौकात किती पाणी आहे, पंप चालू आहे का, फळी उचलायला कोण येतो, त्याला पगार कोण देतो, एवढे चार प्रश्न विचारले तरी तुम्हाला सगळं कळेल. राजकारणासाठी घाई आहे हे आम्हाला पण दिसतं, पण अट तुम्हीच घातली होती.

मंत्री महोदय, माझ्या मागण्या साध्या आहेत.

सोलानाचं पाणी सांभाळायची जबाबदारी एकाच संस्थेकडे द्या, नाव जाहीर करा, आणि तिला दरवर्षी देशाच्या बजेटमधून पैसे द्या, परदेशी प्रोजेक्ट आला की काम आणि गेला की बंद असं नको. त्या पैशात पंपाची वीज, बांधाची दुरुस्ती आणि बारा महिने पगारावरची माणसं धरा. ही माणसं शक्यतो जुन्या कामगारांमधून घ्या, ते अजून आहेत शहरात, म्हातारे झालेत पण कुठल्या चौकातून कुठे पाणी जातं हे नकाशा न बघता सांगतात. मला त्यातल्या एकाने उघाड्यांचा क्रम जमिनीवर काठीने काढून दाखवलाय आणि तो आमच्या आगरापेक्षा फार वेगळा नव्हता. त्यांच्याकडून तरुण पोरांनी शिकून घ्यायला आता थोडीच वर्षं उरलीत. जमलं तर थोडं मीठ पण परत काढा, मीठ निघालं की पाणी फिरतं, आणि पाणी फिरलं की पक्षी येतात, दोन्ही एकमेकांच्या विरोधात नाहीत.

मालकीचा निकाल लागेपर्यंत दुरुस्ती थांबणार नाही असा लेखी आदेश काढा. पोर्ट मिलेनाच्या सांडपाण्यासाठी तारीख द्या, मुदतवाढ घेतलीत तरी तारीख द्या. नॅचुरा २००० ची, म्हणजे युरोपच्या संरक्षित जागांची यादी सदस्य व्हायच्या दिवशी तयार लागते, त्यात सोलाना, बोयानाचं मुख आणि वेलिका प्लाझामागची वाळू पक्षी-वनस्पती मोजणाऱ्या लोकांच्या म्हणण्याप्रमाणे आत घ्या, प्लॉटच्या नकाशाप्रमाणे रेघ मारू नका. क्रोएशिया तुमच्या शेजारी आहे, २०१३ मध्ये आत गेला तेव्हा त्यांनी जमिनीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग या यादीत घातला, आणि पर्यटक तिकडे यायचे थांबले नाहीत, उलट मी ज्या शेफच्या हाताखाली काम शिकलो तो तिथूनच आलेला. आणि कुठल्याही देशाबरोबरचा करार असो, पर्यावरणाच्या आणि टेंडरच्या कायद्यातून कुणाला सूट नाही असं संसदेत सांगा.

तुमच्या देशाने २० सप्टेंबर १९९१ ला झाब्ल्याकमध्ये आम्ही पर्यावरणीय राज्य आहोत असं जाहीर केलं होतं, आणि २००७ च्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात तो शब्द आहे. युरोपने सांगायच्या कितीतरी आधी. मला हे सांगितलं ते सोलानातल्या त्याच म्हाताऱ्या कामगाराने, मोठ्या अभिमानाने, मोडक्या उघाडीवर बसून.

उत्तर हॉटेलच्या पत्त्यावर पाठवलंत तरी चालेल, पाकिटावर लिहिलाय. माझी सुट्टी सोमवारी असते. तुमच्यापैकी कुणी येणार असेल तर सकाळी सातला शहराच्या बाजूच्या बांधावर भेटतो आणि खांड कुठे आहे ते दाखवतो. दोन फळ्या आणि एक दिवस माणसं दिलीत तर ती बुजवायला मी पण चिखलात उतरेन, ते काम मला येतं.

आपला,
उल्त्सिनचा एक रहिवासी, मूळचा उरणचा आगरी